मागच्या एलएसडीत कोणतं गिअर ऑइल घालावं? नाशिकच्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

सातपूर, अंबड, पंचवटी, कुठल्याही दुकानात ‘डिफरन्शियलचं ऑइल द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा काउंटरवर ९० नंबरचा डबा येतो. साध्या डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांत इंजिनचा जोर वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीला) तो चालून जातो. मागे लिमिटेड स्लिप, म्हणजे एलएसडी असेल तर मात्र तोच डबा त्रास देऊ शकतो. उलटही घडतं: एलएसडीचं महागडं तेल आपोआप लॉक होणाऱ्या डिफरन्शियलमध्ये पडतं आणि चिखलात ऐन वेळी लॉक लागत नाही. म्हणून खालची उत्तरं वाचताना क्रम एकच ठेवा. आधी हाऊसिंगच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचाच्या, आत काय आहे ते ओळखायचं, मग तेल ठरवायचं.

एलएसडीला वेगळं तेल का लागतं?

साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि तो जोर किती हे कमी पकड असलेल्या चाकावर ठरतं. निफाडच्या काळ्या मातीत पावसानंतर एक चाक रुतलं की ते जागेवर फिरत राहतं आणि दुसऱ्या, कोरड्यातल्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. एलएसडी यावर उपाय करते. प्लेटच्या प्रकारात अॅक्सलच्या गिअरमागे एकाआड एक स्टील आणि घर्षणाच्या प्लेट्स असतात, स्प्रिंग त्यांना दाबून ठेवते, आणि एक चाक सुटून पळू लागलं की या प्लेट्स त्याला आवरतात.

त्यामुळे एकाच तेलाला दोन परस्परविरोधी कामं करावी लागतात. क्राउन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या गिअरचे आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे, दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. तिथे गंधक-फॉस्फरसची रसायनं दात्यांवर संरक्षक थर धरतात. उग्र वास येतो तो त्यांचाच. प्लेट्सना मात्र घर्षण हवंच असतं, फक्त ते धक्क्याधक्क्यानं नको. साध्या तेलात चिकटून बसलेल्या प्लेट्स सुटायला जास्त जोर लागतो आणि सुटल्या की एकदम सरकतात, पुन्हा चिकटतात, पुन्हा सरकतात. पार्किंगमधून गाडी वळवताना मागून येणारी ‘कट-कट-कट’ थरथर ती हीच. एलएसडीच्या तेलात फ्रिक्शन मॉडिफायर असतो. तो चिकटणं आणि सरकणं यांतला फरक कमी करतो, म्हणून प्लेट्स गुळगुळीत सुटतात.

माझ्या गाडीत कोणता डिफरन्शियल आहे हे कसं ओळखू?

पहिला पुरावा गाडीचं मॅन्युअल आणि दुसरा हाऊसिंगवरचा पत्रा किंवा स्टिकर. तेल भरायच्या फिलर नटाजवळ फक्त एलएसडीचंच तेल वापरा अशी सूचना अनेकदा कोरलेली किंवा चिकटवलेली असते, पण मातीच्या थराखाली झाकून जाते. वायर ब्रशनं घासून बघा, मगच पाना लावा.

तिसरा मार्ग म्हणजे चाकं उचलून बघणं. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावा, मागची दोन्ही चाकं उचला आणि अॅक्सल स्टँडवर टेका. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, त्यामुळे तो सोडावा लागेल. म्हणूनच ओट आणि स्टँड भक्कम हवेत. नुसत्या जॅकवर हे काम नको. गिअर न्यूट्रल, ४x४ असेल तर टू-व्हीलमध्ये. आता एक चाक हातानं फिरवा:

- दुसरं चाक उलट्या दिशेनं सहज फिरलं, तर बहुधा साधा डिफरन्शियल.
- दोन्ही चाकं एकाच दिशेनं, थोड्या जडपणानं फिरली, तर प्लेटची एलएसडी, आणि प्लेट्स अजून शाबूत आहेत.

पहिल्या निकालावर लगेच विसंबू नका. टॉर्सन किंवा हेलिकल गिअरची (प्लेट्सऐवजी गिअरवर चालणारी) एलएसडी चाकांवर वजन नसताना साध्यासारखीच वागते. मेकॅनिकल लॉकरही (चाकांच्या वेगात फरक पडला की आपोआप लॉक होणारा डिफरन्शियल) हळू फिरवला तर उलटच फिरतो. आणि प्लेट्स पार झिजलेली एलएसडीसुद्धा. म्हणून या चाचणीत ‘उलट फिरलं’ याचा अर्थ ‘एलएसडी नाही’ असा होत नाही, मॅन्युअल पाहावंच लागतं.

एक धोका इथेच सांगतो. एलएसडीच्या गाडीचं एकच मागचं चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकू नका. साध्या डिफरन्शियलमध्ये उचललेलं चाक हवेत फिरत राहील, एलएसडीत जमिनीवरच्या चाकाला जोर मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी मारून पुढे जाते.

प्रकार कळला. आता कुठल्याला काय?

प्लेटची किंवा कोनची (प्लेट्सऐवजी शंकूच्या आकाराचे घर्षणाचे भाग असलेली) एलएसडी: जीएल-५ या गिअर ऑइलच्या दर्जाचं आणि डब्यावर एलएस किंवा लिमिटेड स्लिप असं स्पष्ट लिहिलेलं तेल. नाहीतर साधं जीएल-५ अधिक वेगळ्या बाटलीतला फ्रिक्शन मॉडिफायर.

टॉर्सन किंवा हेलिकल गिअरची: यात घर्षणाच्या प्लेट्सचं काम गिअरच करतात. साधं चांगलं जीएल-५ पुरतं, मॉडिफायर लागत नाही. उलट मॉडिफायरनं घर्षण कमी झालं तर पकडही थोडी कमी होते.

बटणानं किंवा लिव्हरनं लागणारा लॉक, जसा फोर्स गुरखामध्ये पुढे-मागे आहे: आत साधा डिफरन्शियल आणि दात्यांचा लॉक. साधं जीएल-५.

ब्रेक लावून घसरणारं चाक आवरणारी यंत्रणा: जाहिरातीत तिलाही ‘डिफरन्शियल लॉक’सारखं नाव असतं, पण सगळं काम ब्रेक आणि सेन्सरचं. हाऊसिंग साधंच, तेलही साधं.

थारच्या मागच्या एमएलडीत (मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियलमध्ये) एलएसडीचं तेल घालावं का?

नाही. नाशिककरांना हा प्रश्न सगळ्यात जास्त पडतो, कारण थार इथल्याच कारखान्यात बनते आणि त्र्यंबक, इगतपुरी, हरसूलकडच्या वाटांवर ती भरपूर दिसते.

ईटनचा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आत वेगळ्या तत्त्वावर चालतो. दोन चाकांच्या वेगात साधारण १०० आरपीएमचा फरक पडला की आतला छोटा गव्हर्नर जोरात फिरतो, त्याची वजनं बाहेर फेकली जातात आणि एका खिटीत अडकतात. तेवढ्यानं कॅमचा उतार प्लेट्सवर चढतो आणि त्या करकचून आवळल्या जातात. गाडी साधारण ३० किमी प्रतितासाच्या वर असेल तर हा लॉक लागत नाही, तशीच त्याची रचना आहे. आता या साखळीची सुरुवात प्लेट्समधल्या थोड्याशा घर्षणानं होते. मॉडिफायर घातला की तेच घर्षण कमी होतं, कॅमला चढायला आधार मिळत नाही, आणि लॉक उशिरा लागतो किंवा लागतच नाही. ईटन या लॉकरसाठी खनिज पायाचं ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ सुचवतं आणि मॉडिफायर घालायला सांगत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला दर्जा पाळा.

चिखलात एक चाक फिरू लागल्यावर येणारा एकच ‘खट्’ आवाज लॉक लागल्याचा आहे, बिघाडाचा नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना असाच खट् वारंवार येत असेल तर मात्र गाडी दाखवा.

डब्यावरचं काय वाचायचं?

तीन गोष्टी. पहिली, जीएल-५. जीएल-४ हायपॉइड क्राउन-पिनियनला पुरेसं नाही. ‘जीएल-४’ ठळक आणि बाकी बारीक अक्षरात असा डबा मागच्या अॅक्सलसाठी घेऊ नका. दुसरी, ग्रेड, उदाहरणार्थ ८०डब्ल्यू-९०. तिसरी, एलएस. नुसतं जीएल-५ म्हणजे एलएसडीला चालेल असा अर्थ होत नाही, ही दोन वेगळी वैशिष्ट्यं आहेत. पुढे एलएस नसेल पण झेडएफ टीई-एमएल ०५सी असा दर्जा लिहिलेला असेल, तर ते तेल झेडएफनं मर्यादित-घसरण अॅक्सलसाठी मान्य केलेलं असतं.

बाजारात शेलचं स्पिरॅक्स एस३ एएलएस ८०डब्ल्यू-९०, मोबिलचं मोबिल्युब एलएस ८५डब्ल्यू-९०, लिक्वी मोलीचं एलएस मालिकेतलं हायपॉइड अशी मिश्रित तेलं मिळतात. प्रत्येक दुकानात ती नसतात, आधी फोन करून विचारा. सील न फोडलेला डबाच घ्या आणि पक्कं बिल मागा. सुट्ट्या तेलात एलएस आहे की नाही हे वासावरून किंवा रंगावरून कुणालाही ओळखता येत नाही.

नाशिकच्या हवेला कोणता ग्रेड?

आधी मॅन्युअल. हल्ली काही कंपन्या ७५डब्ल्यू-८५ सारखं पातळ तेलही सांगतात. तसं लिहिलं असेल तर तेच घाला.

पर्याय दिलेले असतील तर हवेचा विचार करा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला: ७५डब्ल्यूची चाचणी उणे ४० अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला, ८५डब्ल्यूची उणे १२ ला. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांच्या खाली गेला तरी यातला एकही आकडा अडत नाही. आपल्यासाठी महत्त्वाचा तो दुसरा आकडा. १०० अंश सेल्सिअसला ९० ग्रेडचं तेल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक इतकं घट्ट राहतं, ११० ग्रेडचं १८.५ ते २४, आणि १४० ग्रेडचं २४ ते ३२.५. हे आकडे इंजिन ऑइलच्या मोजपट्टीशी जुळत नाहीत. गिअर ऑइलचं ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या साधारण ४०-५० इतकाच घट्टपणा.

रोजची शहरातली धाव आणि अधूनमधून कसारा घाट, एवढ्यासाठी ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० एलएस बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो, त्यात भरल्या ट्रेलरसह घाट चढायचा असेल आणि मॅन्युअल परवानगी देत असेल, तर ७५डब्ल्यू-१४० सिंथेटिक एलएसचा विचार करा.

मागून ‘हूंऽऽ’ आवाज येतोय. १४० नंबर घातलं तर जाईल का?

काही दिवस दबेल, पण त्यानं दुरुस्ती होत नाही. अॅक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर बदलणारा ‘हूं’ क्राउन-पिनियनच्या जुळणीचा किंवा झिजलेल्या दात्यांचा असतो. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची. जाड तेल आवाज झाकतं तोवर आत झीज चालूच राहते. शिवाय थंड सकाळी जाड तेल पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं आणि घुसळण्यातच जास्त उष्णता होते.

फ्रिक्शन मॉडिफायर किती घालायचा?

अमेरिकन बनावटीच्या प्लेटच्या एलएसडीत एका अॅक्सलला ११८ मिलिलिटरची एक बाटली असं जुनं प्रमाण आहे. अडीच लिटर तेलात ते पावणेपाच टक्क्यांच्या आसपास येतं. तुमच्या बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते धरा.

डब्यावर एलएस लिहिलं असेल तर सुरुवातीला वरून काहीच घालू नका, मॉडिफायर त्यात आधीच आहे. तेल बदलल्यावर रिकाम्या मैदानात, अगदी कमी वेगात, इंग्रजी आठच्या आकारात आठ-दहा फेऱ्या मारा. नवं तेल प्लेट्सच्या मध्ये जायला एवढं लागतं. त्यानंतरही थरथर राहिली तर ३० मिलिलिटर घाला, पुन्हा फेऱ्या मारा, मग ठरवा. जास्त घातलं की थरथर नक्की जाते, पण एलएसडीची पकडही जाते आणि गाडी साध्या डिफरन्शियलची होऊन बसते. ते बाहेर काढायचा मार्ग एकच, सगळं तेल पुन्हा बदलणं.

प्लेट्स नव्या घातल्या असतील तर जोडणीआधी त्या मॉडिफायर मिसळलेल्या तेलात किमान १५-२० मिनिटं भिजवायला मेकॅनिकला सांगा. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच वळणावर जळायला लागतात.

चुकून साधं ९० घातलं गेलं. आता?

प्लेटची एलएसडी असेल आणि फार किलोमीटर झाले नसतील तर घाबरू नका. क्राउन-पिनियनला त्यानं काही होत नाही. योग्य प्रमाणात मॉडिफायर घाला आणि आठाच्या फेऱ्या मारा. तेल काठोकाठ असेल तर आधी तेवढंच काढावं लागेल. थरथरीसह हजारो किलोमीटर चालवली असेल तर तेल काढून तपासा. उलट चूक, म्हणजे साध्या डिफरन्शियलमध्ये एलएसचं तेल, झाली असेल तर काहीच बिघडत नाही, फक्त पैसे जास्त गेले.

तेल बदलायची रीत काय?

१. गाडी १०-१५ किमी चालवून आणा. कोमट तेल नीट निथळतं आणि गाळही सोबत घेऊन येतं.

२. गाडी सपाट उभी करा. एकच टोक उचललेलं असेल तर पातळी चुकते. चारही बाजूंनी सारखी उचला किंवा पिटवर घ्या.

३. आधी फिलर नट सोडवा, मग ड्रेन. आधी सगळं तेल काढलं आणि नंतर फिलर नट गंजून अडकलेला निघाला, तर बिनतेलाची गाडी जागेवर उभी राहते. हा नट कुठे सहा कोनी, कुठे चौकोनी खाचेचा, कुठे अॅलनचा असतो. योग्य पानाच वापरा, घसरलेलं डोकं मोठा खर्च करतं.

४. ड्रेन नट काढून १५-२० मिनिटं निथळू द्या. काही हाऊसिंगला ड्रेन नट नसतो, मागचं कव्हर उघडावं लागतं. तेव्हा जुनं गॅस्केट पूर्ण खरवडून नवं सीलंट लावा आणि डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या.

५. चुंबकाचा नट पुसा, वॉशर नवं घाला, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा.

६. हातपंपानं फिलरच्या भोकातून भरा. भोकाच्या काठावरून तेल ओघळू लागलं की थांबा. करंगळीचं टोक वाकवून आत घातलं की तेलाला लागायला हवं. तेल काठापासून ५ मिमीपेक्षा खाली नको. एसयूव्ही-पिकअपला साधारण २ ते ३ लिटर लागतं, म्हणून एक डबा जास्त आणून ठेवा.

काढलेल्या तेलावरून काय कळतं?

चुंबकावर बोटाला लागणारी राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. ती चिमटीत घेऊन चोळा. खरखर लागली, बारीक तुसं टोचली, तर बेअरिंग किंवा दात्याचा कण आहे. नखाएवढा तुकडा निघाला तर नवं तेल भरायच्या आधी कव्हर उघडा. प्लेटच्या एलएसडीत तेल लवकर काळं पडतं, तो घर्षणाच्या थराचा चुरा असतो, त्याचं फार मनावर घेऊ नका. करपलेला वास मात्र गंभीर आहे. आणि दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे पाणी शिरलंय.

पावसाळ्यात ओढ्यातून गाडी गेली, तर बदलावं लागेल का?

पाणी हाऊसिंगच्या वर होतं आणि गाडी त्यात थांबली, तर हो, त्याच आठवड्यात तपासा. इगतपुरीकडच्या पावसात नेहमीचं कारण हे आहे: चालून तापलेलं हाऊसिंग एकदम गार पाण्यात जातं, आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून (हाऊसिंगमध्ये हवा जाण्या-येण्याच्या छोट्या वाटेतून) किंवा जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाण्यानं बेअरिंग गंजतात आणि मॉडिफायरचं कामही बिघडतं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती उंच, इंजिनच्या खोलीपर्यंत किंवा मागच्या दिव्याच्या मागे नेली की हा त्रास बराच टळतो. ब्रीदर चिखलानं बुजला तर उलटा प्रकार होतो: आतला दाब अॅक्सलची सील ढकलतो आणि तेल मागच्या ब्रेकवर उतरतं.

किती किलोमीटरला बदलावं?

मॅन्युअलचा आकडा ही कमाल मर्यादा समजा. प्लेटच्या एलएसडीत मॉडिफायर झिजतो, तेलाचा घट्टपणा टिकला तरी तो आधी संपतो. म्हणून हलक्या वापरात ३०-४० हजार किमी, आणि ट्रेलर, चिखल, घाट असा वापर असेल तर २० हजारच्या आसपास बदलणं आम्हाला योग्य वाटतं. वळताना थरथर परत सुरू झाली तर आकड्याची वाट पाहू नका.

टायरचा आणि तेलाचा काय संबंध?

थेट संबंध आहे. मागच्या दोन चाकांत एक टायर नवा आणि एक झिजलेला असेल, तर सरळ रस्त्यावरही दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरतात आणि प्लेट्स मुंबईपर्यंत अखंड घासत जातात. तेल तापतं, काळं होतं. एलएसडी असेल तर मागचे टायर जोडीनंच बदला, हवेचा दाबही सारखा ठेवा.

उरलेलं एलएस तेल गिअरबॉक्समध्ये घालू का?

नको. सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) रिंगांना घर्षण लागतंच, मॉडिफायरनं गिअर अडखळत पडतात. शिवाय पितळी भागांना काही जीएल-५ तेलं मानवत नाहीत. ४x४ च्या ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचं) तेल वेगळं असतं, काहींना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लागतं. उरलेला डबा झाकण घट्ट लावून, तारीख लिहून ठेवा.

जुनं तेल कुठे द्यायचं?

गटारीत किंवा मोकळ्या प्लॉटवर अजिबात नाही. सातपूर-अंबडच्या गटारीतलं पाणी नासर्डीत आणि तिथून गोदावरीत जातं. वापरलेलं तेल धोकादायक कचऱ्यात मोडतं. जुन्याच डब्यात भरा, त्यात ब्रेक ऑइल, कूलंट किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका, आणि वापरलेलं तेल परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवणाऱ्या वर्कशॉपमध्ये द्या.